गोल पानांचा पिलिया आणि आपला उन्हाळा

पिलियाचं एक पान उलटं करून बघा. देठ पानाच्या कडेला जोडलेला नसतो. तो पात्याच्या पोटाला, मध्यापासून जरा वरच्या बाजूला जोडलेला असतो. वरून पाहिलं तर नेमक्या त्याच जागी एक फिकट ठिपका दिसतो आणि शिरा तिथून चहूबाजूंना फाकत जातात. कमळाचं आणि नॅस्टर्शियमचं पानही असंच असतं. लांब देठाच्या टोकाशी पातं असं बसवलेलं असल्यामुळे झाडाला ते हवं तसं कलतं करता येतं आणि एकाच बाजूने येणाऱ्या मंद उजेडासमोर अख्खं पान धरता येतं. भर उन्हातल्या झाडाला याची फारशी गरज नसते. हे सावलीतलं झाड आहे, आणि ते त्याच्या पानावरच लिहिलेलं आहे.

त्याचं शास्त्रीय नाव पिलिया पेपेरोमिओइडिस. नर्सरीत ते ‘चायनीज मनी प्लांट’ म्हणून मिळतं. आपल्याकडच्या वेलासारख्या मनी प्लांटशी त्याचं काही नातं नाही. तो वेल अळूच्या कुळातला. पिलिया मात्र त्या कुळातला, ज्यात अंगाला लागली की आग करणारी हिमालयातली बिच्छू घास येते. पिलियाच्या अंगावर तसे दंश करणारे केस नसतात, त्यामुळे लहान मुलांच्या हाताला लागला तरी चिंता नाही. कुत्र्या-मांजरांनाही तो विषारी मानला जात नाही, आणि याबाबतीत तो मनी प्लांट किंवा डिफेनबेकियापेक्षा नक्कीच बरा. घरात पैसा आणतो वगैरे जे सांगतात, त्यासाठी कृपा करून तो घेऊ नका.

त्याचं एक भावंड मात्र बहुतेक तुमच्या घरी आधीच आलेलं असेल. पावसाळ्यात कुंड्यांच्या कडेला, ओल्या भिंतीच्या फटीत, नळाखालच्या फरशीच्या सांध्यात बारीक, रसरशीत पानांचं एक हिरवंगार तण उगवतं. तो पिलिया मायक्रोफिला, मूळचा अमेरिका खंडातला आणि आता आपल्याकडे सगळीकडे रुळलेला. त्याला कुणी खत घालत नाही, पाण्याची वेळ पाळत नाही, तरी तो मजेत वाढतो. आणि हौसेने विकत आणलेला गोल पानांचा पिलिया मे महिन्यात माना टाकतो. लोक म्हणतात, ‘आमच्या हाताला झाडच लागत नाही.’ हाताचा यात काही दोष नाही. हे झाड कुठून आलं ते कुणी सांगत नाही, आणि इंटरनेटवर वाचायला मिळणाऱ्या सूचना बहुतेक थंड देशांतल्या असतात. त्यात हिवाळ्यापासून जपायला सांगतात. आपल्याला जपायचं असतं उन्हाळ्यापासून.

झाडाचं गाव

नैर्ऋत्य चीनमधले युन्नान आणि सिचुआन हे प्रांत हा पिलियाचा मुलूख. युन्नानमधल्या दाली शहराच्या पाठीशी त्सांगशान नावाची डोंगररांग आहे. स्कॉटिश वनस्पती-संग्राहक जॉर्ज फॉरेस्ट याने १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये याच डोंगरांतून या झाडाचे नमुने गोळा केले. १९१२ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश डील्स यांनी त्याचं नामकरण केलं.

नकाशावर दाली साधारण आपल्या पाटण्याच्या अक्षांशावर येतं. म्हणजे फार उत्तरेकडचं, बर्फाळ वगैरे गाव नाही. फरक पडतो तो उंचीचा. दाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे आणि तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमानही २० अंशांच्या आसपासच असतं. पिलिया तिथे साधारण १,५०० ते ३,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राचे डोंगर जिथे संपतात, जवळपास तिथून पिलियाचा मुलूख सुरू होतो.

तिकडेही पावसाळा आहे आणि जूननंतरच तो जोर धरतो. पण पाऊस पडतो तो गार हवेत. झाडं असतात जंगलाच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांवर, कपारीत साठलेल्या पालापाचोळ्यात. पाणी सतत येतं आणि लगेच वाहून जातं. मुळं ओलसर राहतात, बुडत मात्र कधीच नाहीत. गारवा, आडून येणारा उजेड, आणि येऊन पुढे निघून जाणारं पाणी या तीन गोष्टी एवढ्या लक्षात ठेवल्या की या झाडाची पुढची सगळी निगा आपोआप कळत जाते.

मे महिन्यात नेमकं काय होतं

पिलियाला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. आपल्या घरात तिशीपर्यंत तो फार कुरकुर करत नाही. त्यापुढे त्याचा हिशेब बिघडायला लागतो. उजेडात पान अन्न तयार करतं आणि त्यातलं काही श्वसनासाठी रात्रंदिवस खर्च करत असतं. तापमान चढतं तसा हा खर्च वाढत जातो, कमाई मात्र एका मर्यादेनंतर वाढत नाही, उलट घटते. दुपार तापलेली असली तरी रात्र गार असेल तर झाड सावरतं. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्याच्या रात्रीही उकाडा हटत नाही. मग झाड साठवणीवर जगतं, नवी पानं लहान येतात, खालची पिवळी पडून गळतात.

इथपर्यंत झाड मरत नाही. ते मरतं त्यानंतर आपण जे करतो त्याने. पानं खाली लोंबलेली दिसली की आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण तांब्याभर पाणी ओततो. संध्याकाळी पुन्हा तेच. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचा प्राणवायू मातीतल्या हवेच्या पोकळ्यांमधून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर येतात. पाणी जितकं कोमट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय उष्णतेत मुळं आणि मातीतले जिवाणू दोघेही तो भराभर वापरतात. म्हणून जी ओल डिसेंबरमध्ये झाडाने सहज पचवली असती, तीच मे महिन्यात मुळं कुजवते. आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून पानं आणखी लोंबतात. आपण आणखी पाणी घालतो.

लोंबलेल्या पानांवरून तहान आणि कुज यांत फरक कळत नाही. तो मातीवरून कळतो. पानं लोंबलीत आणि माती कोरडी, तर तहान. पानं लोंबलीत आणि माती ओली, तर मुळांना काहीतरी झालंय. पाणी ताबडतोब थांबवा. आणि हा निकाल दुपारी लावू नका. उन्हाळ्याच्या दुपारी माती ओलसर असली तरी पानं मलूल होतात, कारण मुळं जेवढं पाणी पुरवतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडून जातं. सकाळी उठल्या उठल्या बघा. रात्रभरात पानं ताठ झाली असतील तर झाडाला काहीही झालेलं नाही.

एप्रिल-मे महिन्यांत कुंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवा. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या खिडकीचा कट्टा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, तो टाळा. जमिनीलगतची हवा वरच्या मांडणीपेक्षा गार असते, त्यामुळे कुंडी खाली फरशीवर ठेवली तरी फरक पडतो. विदर्भात कूलर चालू असलेल्या खोलीत पिलिया खुशीत राहतो, फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. एसीच्या झोताखालीही नको, तिथली कोरडी हवा पानांच्या कडा करपवते. या दोन महिन्यांत खत अजिबात नको आणि कुंडीबदलही नको.

कुंडीच्या तळाशी काय चाललेलं असतं

कुंडी भरताना तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्याने निचरा होतो असं सगळे मानतात. भोकावर खापरीचा एखादा तुकडा ठेवला तर माती वाहून जात नाही, तेवढा उपयोग खरा. पण खडीचा जाड थर उलट काम करतो.

भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा हातावर धरा. जादाचं पाणी गळून जाईल आणि ठिबकणं थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. कुंडीतली माती अशीच वागते. निथळून झाल्यावरही तळाशी काही बोटं उंचीचा थर चिंब राहतो, कारण बारीक छिद्रांमधली केशाकर्षणाची ओढ पाण्याला धरून ठेवते. थराची ही उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. तळाशी खडी भरली तर बारीक मातीतलं पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. चिंब थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो.

म्हणून उपाय तळाशी नाही, सगळ्या मातीत करायचा. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग, गांडूळखत एक भाग, हे मिश्रण पिलियाला मानवतं. परलाइट मिळालं नाही तर विटांचा चुरा चाळून घ्या. धूळ टाकून द्या आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे ठेवा. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर चांगलंच. कोकोपीट विटेच्या रूपात आणलं असेल तर भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा एकदा धुवून वापरा. नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात आणि स्वस्त कोकोपीट नीट धुतलेलं नसतं.

नर्सरीतून आणलेलं रोप अनेकदा चिकट लाल मातीत किंवा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. दोन्ही वाईट. निव्वळ कोकोपीट फसवं असतं. वरून सुकून फिकट दिसतं आणि आत चिंब असतं. लाल माती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. मग घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आणल्यावर एक-दोन आठवडे रोप घरात रुळू द्या आणि मग माती बदला.

कुंडी लहानच घ्या, मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मुंबई-कोकणात मी नेहमी मातीची कुंडीच सुचवेन. ती अंगातून पाणी सोडते, त्यामुळे पावसाळ्यात आतली ओल अडकून राहत नाही आणि बाष्पीभवनामुळे मुळं गारही राहतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र लहान मातीची कुंडी बघता बघता सुकते. तिथे प्लास्टिकची कुंडी सोयीची.

पाणी कधी

आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्नच चुकीचा आहे. जानेवारीतल्या पुण्यात आणि जुलैतल्या रत्नागिरीत एकच उत्तर कसं असेल? वरची इंचभर माती बोटाने चाचपून बघा आणि मग कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा हातात धरून तिचं वजन लक्षात घ्या. काही दिवसांनी तीच कुंडी उचलली की हलकी लागते. हा फरक हाताला फार लवकर कळायला लागतो आणि बोटाने चाचपण्यापेक्षा तो जास्त खरा असतो, कारण बोट वरचाच थर सांगतं. कुंडी स्पष्टपणे हलकी लागली की पाणी घाला, खालून वाहून येईपर्यंत घाला, आणि ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या. रोज घोट घोट पाणी देण्याची सवय सोडाच. त्यात वरचा थर कायम ओला राहतो आणि त्यावर चिलटं होतात.

पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की माती सुकायला वेळ लागतो. तेव्हा पानांवर पाणी फवारायचं काही कारण नाही. ओल्या पानांवर बुरशीचे डाग पडतात. पाऊस थेट अंगावर पडेल अशा ठिकाणीही ठेवू नका.

पानांवर पांढरे बारीक ठिपके दिसले की अनेकजण घाबरून कीटकनाशक मारतात. आधी ओल्या कापडाने पुसून बघा. या झाडाच्या पानांवर सूक्ष्म जलरंध्रं असतात, आणि मुळांनी जास्त पाणी वर ढकललं तर ते त्यांतून बाहेर पडतं. पाणी उडून जातं, त्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे हे सर्रास दिसतं. त्याने झाडाचं नुकसान होत नाही. मात्र पांढरं ते कापसासारखं, चिकट आणि पानाच्या बेचक्यात असेल तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, आणि बाकीच्या कुंड्यांपासून हे झाड लगेच दूर ठेवा. पानामागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. तो कोरड्या उन्हाळ्यातच येतो. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची सौम्य फवारणी करा, आधी एका पानावर करून बघून.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगता येतं. खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशी जागा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. सगळी पानं खिडकीकडे वळली की कुंडी पाव वळसा फिरवा आणि दर काही दिवसांनी फिरवत राहा, नाहीतर झाड एका अंगाला कायमचं झुकतं. देठं फार लांब आणि खोड उघडंबोडकं झालं तर उजेड कमी पडतोय. पानं वाटीसारखी वळली आणि फिकट झाली तर बहुधा ऊन किंवा उष्णता जास्त होतेय.

पिल्लं

या झाडाची खरी गंमत इथे आहे. निरोगी पिलियाच्या बुंध्याभोवती, मातीखालून आडव्या वाढणाऱ्या फुटव्यांतून, छोटी छोटी पिल्लं वर येतात. काही खोडावरही फुटतात. मातीतलं पिल्लू ५ ते ७ सेंटीमीटर उंच झालं की कडेची माती बोटाने बाजूला करा, मातृवृक्षाकडे जाणारा जाड पांढरट धागा शोधा, आणि स्वच्छ सुरीने तो कापून पिल्लू त्याच्या मुळांसकट उचला. लहान कुंडीत लावा, सावलीत ठेवा. खोडावरच्या पिल्लाला मुळं नसतात. ते काढून आधी पाण्यात ठेवा आणि मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत घाला.

नुसतं पान पाण्यात ठेवून नवं झाड होत नाही. देठाला मुळं फुटतात, महिनोन्महिने पान हिरवं राहतं, पण पुढे काही होत नाही. कारण नवा कोंब डोळ्यातून येतो, आणि डोळा असतो देठ खोडाला जिथे मिळतो तिथे. म्हणून पान तोडताना खोडाची एक बारीक चिरफळी बरोबर आली पाहिजे. ती आली तर काही आठवड्यांनी तिथून इवलासा कोंब निघतो.

पिल्लं अशी सहज देता-घेता येतात म्हणूनच हे झाड जगभर पोचलं, आणि त्या वाटेत भारतही आहे. नॉर्वेचे मिशनरी आग्नार एस्पेग्रेन १९४४ च्या सुमारास युद्धामुळे चीनमधला हूनान प्रांत सोडून कुटुंबासह निघाले. युन्नानमधल्या कुनमिंगला त्यांना हे झाड मिळालं. तिथून ते विमानाने कलकत्त्याला आले आणि त्यांनी सुमारे वर्षभर भारतात काढलं. मग बोटीने ते मार्च १९४६ मध्ये नॉर्वेला पोचले. खोक्यातलं झाड या सगळ्या प्रवासात जगलं. पुढे एस्पेग्रेन नॉर्वेभर फिरत, तेव्हा जिथे जात तिथे त्याची पिल्लं देत. एका घरातून दुसऱ्या घरात, एका खिडकीतून शेजारच्या खिडकीत असं ते स्कँडिनेव्हियाभर पसरलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना याची गंधवार्ता नव्हती. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाकडे लोक पानं पाठवून नाव विचारत, पण नुसत्या पानांवरून ओळख पटेना. १९७८ मध्ये फुलोऱ्यासकट नमुना आला तेव्हा तिथल्या वेसेल मरे यांनी ते ओळखलं. ते युरोपात आलं कसं, याचा माग स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लार्स केर्स यांनी काढला. तिथल्या टीव्हीवर त्यांनी हे झाड दाखवल्यावर हजारो पत्रं आली, आणि धागा जुळत जुळत एस्पेग्रेनपर्यंत पोचला. मला या झाडाबद्दल जे प्रेम आहे त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. कुठल्याही कंपनीने न विकता, केवळ लोकांनी लोकांना देऊन, एक झाड अख्ख्या खंडभर गेलं. त्याच्या मूळ डोंगरांत ते आता दुर्मीळ आहे.

आपल्याकडे पिल्लं वेगळी करायला जूनचा शेवट ते सप्टेंबर हा काळ चांगला, किंवा मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच दिवसांत महिन्यातून एकदा पातळ केलेलं द्रव खत द्यायला हरकत नाही. मार्चनंतर कुणाला पिल्लू देऊ नका. नवं रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं तर घेणारा माणूस पुन्हा या वाटेला जात नाही. झाड फारच उंच आणि खालून बोडकं झालं असेल तर हिवाळ्यात शेंडा चार-पाच पानांसकट कापून पाण्यात लावा. खाली राहिलेला बुंधा टाकू नका, तो फुटतो.

लंडन, टोरंटो किंवा न्यू जर्सीत असलेल्या मंडळींना आमच्या मे महिन्याची काळजी नाही, हे झाड त्यांच्याकडे सोपं जातं. त्यांनी हिवाळ्यात ते दक्षिणेच्या खिडकीकडे सरकवावं, थंड काचेला पानं टेकू देऊ नयेत, रेडिएटरच्या वर ठेवू नये, आणि उजेड कमी असतो तेव्हा पाणीही निम्म्यावर आणावं.